शेजाऱ्यांचे फोन ऐकणारा म्हातारा

प्रश्न : दिग्दर्शक किश्लोव्हस्कीचा ‘थ्री कलर्स : रेड’ हा सिनेमा पाहिला. तरुण मॉडेल आणि शेजाऱ्यांचे फोन चोरून ऐकणारा निवृत्त न्यायाधीश यांची जवळीक पटली नाही. तिनं सरळ पोलिसांत जायला हवं होतं. आणि हे प्रेम म्हणायचं की बापलेकीचं नातं?

उत्तर : तुमच्यासारखाच संताप तिलाही येतो की! ही मॉडेल, व्हॅलेंटीन, तडक म्हाताऱ्याच्या एका शेजाऱ्याच्या घरी जाते, त्याचं चोरटं प्रेमप्रकरण कुणीतरी ऐकतंय हे सांगायला. दार बायको उघडते, अगदी अगत्यानं आत घेते. आणि आत त्यांची लहान मुलगी दुसऱ्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून बापाचं बोलणं ऐकत उभी! आता सांगणार काय आणि कुणाला? पत्ता चुकल्याचं सांगून व्हॅलेंटीन परत फिरते. माझ्या लेखी सगळा सिनेमा या एका प्रसंगावर उभा आहे. तिथपर्यंत आपणही तिच्याबरोबर तावातावानं न्याय करायला निघालेले असतो.

बरं, म्हाताऱ्याला ती माफ वगैरे करत नाही. तुमची कीव येते, असं तोंडावर सुनावते. जिनिव्हातल्या त्या घरात इतकं खरं बोलणारं कित्येक वर्षांत कुणी आलं नसावं. पुढे तो स्वतःच शेजाऱ्यांना आणि पोलिसांना पत्रं लिहून आपला गुन्हा कळवतो. कशासाठी? तर बातमी वाचून ही पोरगी येते का, ते बघायला! लोक दगड मारून त्याच्या खिडक्या फोडतात. ते दगड तो पियानोवर मांडून ठेवतो. न्यायाधीशाचं काम करणाऱ्या ज्याँ-लुई त्रँतिन्याँनं हा माणूस जराही गोडगोड केलेला नाही, म्हणून तर तो पटतो.

प्रेम की बापलेक, या भानगडीत मी तरी पडणार नाही. ती तरुणपणी भेटायला हवी होती, अशी हळहळ त्याच्या बोलण्यात आहे, आणि तिच्या वयाचा वकिलीचा विद्यार्थी ओग्यूस्त जवळपास त्याचंच आयुष्य पुन्हा जगतोय. परीक्षेआधी हातातून पडलेलं पुस्तक नेमकं हव्या त्या पानावर उघडणं दोघांच्याही वाट्याला येतं. हा योगायोग मला जरा जास्तच जुळवलेला वाटतो, पण ते असो.

याच मालिकेतले आधीचे दोन सिनेमे, ‘ब्लू’ (१९९३) आणि ‘व्हाइट’ (१९९४), राहिले असतील तर आधी ते बघा. त्याशिवाय शेवटी बुडालेल्या बोटीतून वाचलेली माणसं कोण, हे कळायचं नाही.