खाडीत गळ टाकून बसलेल्यांजवळून इंजिनची होडी नेताना काय पाळायचं? रस्ता कुणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवबागजवळ कर्ली खाडीत तुम्ही घरची छोटी इंजिनवाली होडी चालवता, आलेल्या पाहुण्यांना फिरवून आणता, आणि काठावर गळ टाकून बसलेले लोक तुम्हाला बघितलं की ओरडायला लागतात. परवा एकाने गळाला वजन म्हणून बांधतात ते शिसं भिरकावलं. पाणी सगळ्यांचं असताना हक्क कुणाचा, असं तुम्ही विचारलंय.

मी दोन्हीकडचा आहे. सुट्टी मिळाली की रॉड घेऊन काठावर असतो, आणि गरज पडेल तेव्हा मामाची होडीही चालवतो. शिसं फेकणारा शंभर टक्के चुकला, त्याची बाजू मी घेणार नाही. बाकीच्यांच्या ओरडण्याला मात्र बहुतेक वेळा कारण असतं.

हक्क विचारलात म्हणून आधी कायदा. बोटींच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. ते समुद्रात लागू होतात, तसे समुद्राला जोडलेल्या, मोठ्या बोटी आत येऊ शकतील अशा पाण्यातही लागू होतात. त्यातला १८ वा नियम म्हणतो, इंजिनवर चाललेल्या बोटीने मासेमारीत गुंतलेल्या बोटीला वाट द्यावी. गळवाले एवढंच तोंडपाठ करतात, तिसरा नियम वाचत नाहीत. त्यात व्याख्या दिली आहे: जाळी, दोर अशा साधनांमुळे जिला हवं तसं वळता येत नाही, तीच बोट मासेमारीत गुंतलेली. चालत्या बोटीमागे गळ ओढत नेणारा त्यातून सरळ वगळलाय. नांगर टाकून दोन रॉड लावून बसलेली होडी म्हणजे या नियमांच्या हिशेबात नुसती नांगरलेली होडी. शिवाय नववा नियम सांगतो की अरुंद चॅनेलमध्ये मासेमारी करणाऱ्याने इतरांची वाट अडवू नये, आणि शक्य असेल तर तिथे कुणी नांगरच टाकू नये. काठावर उभ्या असलेल्या माणसाचा तर या नियमांत कुठे उल्लेखच नाही. तेव्हा कागदावर तुमची बाजू चांगली भक्कम आहे. पण ओरडणाऱ्याला तुमच्या रस्त्याशी काही घेणंदेणं नसतं, त्याचं सगळं भांडण तुमच्या लाटेशी असतं, आणि तिथे हा कागद कामाचा नाही.

त्याच्या जागेवरून बघा. वाळूत पीव्हीसीचा पाइप ठोकलेला, त्यात रॉड उभा, टोकाला बारकी घंटी, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा ताणून बसवलेला. ओहोटीचं पाणी ओढत असताना शिसं तळाला कसंबसं धरून असतं. तुमची लाट आली की तंगूस उचलला जातो, शिसं सुटतं, घंटी वाजते, माणूस धावत येतो आणि गरीला काहीच नसतं. सुटलेलं शिसं वाहत जाऊन शेजाऱ्याच्या तंगुसात अडकतं. चोणक किंवा तांबोशी खाते ती वेळ मुळात थोडी, पाणी फिरल्यावरची. ती वेळ दोघांची गुंता सोडवण्यात गेली की तोंडून आशीर्वाद निघत नाहीत.

आणि गंमत म्हणजे 'मी तर हळू गेलो होतो' म्हणणारेच सर्वांत मोठी लाट उठवून जातात. पूर्ण वेगात हलकी होडी पाण्यावर तरंगत सरकते, अगदी हळू असताना ती पाणी नुसतं बाजूला सारते. या दोन्हींच्या मधला वेग सगळ्यात वाईट. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचललेली, मागचा भाग पाण्यात बसलेला, समोरचं धड दिसत नाही आणि मागे भला मोठा डोंगर. पाहुण्यांनी भरलेली होडी नेमकी या अवस्थेत अडकते, कारण वजनामुळे ती वर येतच नाही. म्हणून वेग कमी करायचा तर नाळ पूर्ण खाली बसेपर्यंत करायचा. तोही गळवाल्याच्या समोर आल्यावर नाही, शंभरेक मीटर आधीपासून, कारण तुम्ही उठवलेली लाट तुमच्यानंतरही चालत राहते. वेग एकदम मात्र तोडू नका. आपलीच लाट मागून येऊन इंजिनच्या बाजूने आत शिरते आणि पाहुण्यांच्या चपला तरंगायला लागतात.

दुसरी गोष्ट अंतराची. रॉडवाला साठ-सत्तर मीटर सहज फेकतो, हाताने दोर टाकणारा त्याच्या निम्म्याहून कमी. पण तंगूस माणसाच्या नाकासमोर सरळ नसतो. ओढ असेल तर तो पाण्याच्या दिशेने कमान घेतो, त्यामुळे ओहोटीला माणसाच्या समोरचं पाणी मोकळं आणि खालच्या अंगाचं भरलेलं असू शकतं. पाणी कुठे चाललंय ते बघितल्याशिवाय अंदाज बांधू नका. नांगरलेल्या होडीचंही तसंच. पुढे नांगराचा दोर, मागे वाहत गेलेले तंगूस. दोर लवकर खोल जातो, तंगूस लांबवर वरच राहतात. म्हणून तिच्या मागून कधी काढू नये. पुढून जायचं, दोराच्या लांबीहून बरंच जास्त अंतर ठेवून.

यात तुमचाही स्वार्थ आहे. तंगूस इंजिनच्या पंख्यात आला तर इंजिन लगेच बंद पडेलच असं नाही. तो पंख्यामागे दांड्याला गुंडाळला जातो आणि तिथलं ऑइल सील हळूहळू कापतो. मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं. पुढच्या सर्व्हिसिंगला खालचा स्क्रू काढलात आणि तेल दुधाळ आलं, तर समजा कुठल्या तरी गळवाल्याची आठवण आहे. तंगूस लागल्याचा संशय आला की इंजिन बंद करा, वर उचला, बघा. रिव्हर्स मारून सोडवायला जाऊ नका, आणखी घट्ट बसतो.

आता हौशी गळवाले बाजूला ठेवा. माझा स्वतःचा क्रम सांगतो, तो कुठल्या नियमात लिहिलेला नाही: ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे तो पहिला, हौशे दोघेही नंतर. जाळं लावून बसलेला माणूस दिसला की त्याचे बोये शोधा. दोन्ही टोकं दिसत नसतील तर लांबूनच हात वर करून विचारा. 'जाळा आसा, भायरसून जावा!' एवढं उत्तर मिळालं की काम झालं. वळसा पडला तरी शेवटच्या बोयाच्या पलीकडून जायचं. मधूनच इंजिन उचलून जाळ्यावरून सरकण्याची कसरत इथली मुलं करतात, तुम्ही करू नका. समुद्राच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असेल, किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा दोर ओढताना दिसल्या, तर ती पूर्ण कमान सोडून बाहेरून जा. आत शिरलेली होडी अख्ख्या गावाची मेहनत घालवते. आणि जाळं कापलंच गेलं तर थांबा. नुकसानीचं तिथल्या तिथे बोला. पळालेली होडी कुणाची हे संध्याकाळपर्यंत कळतंच.

इथल्या पारंपरिक मच्छीमारांचा पारा लवकर चढतो त्यालाही इतिहास आहे. पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) वापरणारे आणि बाहेरून येणारे वेगवान ट्रॉलर यांच्याशी त्यांचं भांडण जुनं आहे, पर्ससीनवर राज्याने २०१६ च्या फेब्रुवारीत निर्बंध घातल्यावरही ते मिटलं नाही. त्यात पर्यटनाच्या बोटींची भर पडली. तुमचा त्यात दोष नाही, पण तुमच्या इंजिनचा आवाज त्यांना वेगळा वाटत नाही.

ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून तिसऱ्या, मुळे असे शिंपले काढणाऱ्या बायकांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. वाकलेल्या असल्या की लांबून नुसतं टोपलं दिसतं. तिथे वाळूच्या कडेने होडी न्यायचीच नाही.

आमच्या गळवाल्यांनाही ऐकवायला हवं. जेटीवरून, जिथे होड्या लागतात तिथेच गळ टाकायचे आणि होडी आली की कपाळाला आठ्या, हा आचरटपणा आहे. होडी जवळ आली तर रॉडचं टोक पाण्यात बुडवून रीळ थोडी सैल सोडली की तंगूस खाली बसतो, दोन्हीकडची कटकट वाचते. खोल पाण्याच्या कडेला मासा लागतो म्हणून ऐन चॅनेलात नांगर टाकतात, तेही रात्री दिव्याशिवाय. सात मीटरहून लहान होडीला नांगरल्यावर दिव्याची सूट आहे खरी, पण चॅनेलमध्ये किंवा त्याच्या जवळ ती सूट नाही. नांगरलेल्या होडीवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा हवा. पांढऱ्यावर तांबडा दिसला तर ती जाळंवाली बोट समजून लांब राहा. आणि तुटलेला तंगूस तिथेच टाकून देणाऱ्यांना मी पंख्यातून काढलेले गुंडे नेऊन दाखवतो.

त्या शिसं फेकणाऱ्याशी बोलू का, असंही तुम्ही विचारलंय. पाण्यातून नको, पाहुण्यांसमोर तर नकोच. ओरडाओरडीत कुणालाच माघार घेता येत नाही. संध्याकाळी चालत काठावर जा, आज काय लागलं ते विचारा, आणि ओहोटीला त्यांचे गळ कुठवर असतात ते समजून घ्या. तुम्ही कुठल्या वेळेला फेऱ्या मारता तेही सांगा. पर्यटनाच्या होड्या मे संपता संपता पावसाळ्यासाठी बंद होतात, त्यामुळे हे बोलणं सीझनच्या सुरुवातीलाच झालेलं बरं. आणि होडीवर स्पीकर असेल तर तो वळणाच्या आधी बंद करा. निम्मी शिवीगाळ त्या गाण्यांसाठी असते.