वाचकांचे प्रश्न : टेप, गुण्या आणि कोरा कागद

प्रश्न : माझी मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत नववीत शिकते. तिला घरे, पूल, देवळे यांची चित्रे काढण्याचा नाद आहे. पुढे अभियांत्रिकी घ्यावी की वास्तुकला, हे तिचे ठरत नाही. शाळेत तसा विषय नसल्याने एका खासगी क्लासने संगणकावर आराखडे काढण्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुचवला आहे. तो लावावा का?
— एक आई, महाल, नागपूर

उत्तर : या वयात त्या अभ्यासक्रमावर पैसे खर्च करू नयेत, असे आम्हांला मनापासून वाटते. संगणक रेघ अचूक मारतो, परंतु ती रेघ कुठे मारायची आणि का, हे त्याला ठाऊक नसते. आणि ज्या मुलीने आपल्या घराचा दरवाजा कधी टेपने मोजलेला नाही, तिला पडद्यावरचा दीड फुटी दरवाजाही खटकत नाही. सॉफ्टवेअर महाविद्यालयात शिकता येते. मापाची नजर मात्र लवकर घडू लागलेली बरी, आणि त्यासाठी मीटर टेप, गुण्या (काटकोन तपासायचे साधन), कंपास, टू-एच पेन्सिल व कोरा कागद एवढेच साहित्य पुरते.

तिला प्रथम घरातली एक खोली मोजायला सांगा. खोली चार मीटर लांब व तीन मीटर रुंद असेल, तर १:५० या प्रमाणात ती कागदावर आठ आणि सहा सेंटिमीटरची होते. नंतर तिने दोन्ही कर्ण मोजावेत. खोली गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात असतील तर प्रत्येक कर्ण पाच मीटर भरेल. नसेल तर किती फरक पडतो आणि कोणता कोपरा चुकला, हे तिचे तिनेच शोधावे. गवंडी हाच पडताळा रोज करतो, आणि शाळेत पाठ केलेला पायथागोरसचा सिद्धांत इथे पहिल्यांदा उपयोगाचा वाटू लागतो. खोलीचा प्लॅन जमला की त्याच खोलीचा उभा छेद, म्हणजे ती वरून खाली कापल्यास आत जशी दिसेल तसे चित्र, काढावा. त्यात खिडकीच्या उंबऱ्याची उंची, छज्जा भिंतीपुढे किती आला आहे आणि भिंतीची जाडी यांचा विचार करणे भाग पडते.

नागपूरकरांना तर या अभ्यासासाठी ऊनच शिक्षक म्हणून लाभले आहे. आपले शहर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या अखेरीस मध्यान्ही, म्हणजे घड्याळात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास, सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. उलट २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीची सावली काठीच्या उंचीइतकीच लांब पडते. गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करून वर्षभर या सावलीची नोंद वहीत ठेवली, तर दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जा उन्हाळ्यात का पुरतो आणि पश्चिमेच्या खिडकीवर कितीही मोठा छज्जा काढला तरी दुपारी चारचे तिरपे ऊन आत का शिरते, हे पुस्तकाविना कळते. पश्चिमेला व्हरांडा, उभी आडोशाची भिंत किंवा झाडच हवे, हा निष्कर्ष तिने स्वतः काढावा. आपण सांगून टाकू नये.

आता अभियांत्रिकी की वास्तुकला, याविषयी. तिला एकदा दीक्षाभूमीवर घेऊन जा. वास्तुविशारद शिवदान मल यांनी रचलेला आणि २००१ मध्ये खुला झालेला तो स्तूप सांचीच्या स्तूपाची आठवण देतो; मात्र सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, तर दीक्षाभूमीचा पोकळ, आणि त्यामुळे माणसाला घुमटाखाली जाऊन उभे राहता येते. आत गेल्यावर ‘इथे इतके शांत का वाटते, उजेड कुठून येतो’ असे तिला विचारावेसे वाटले, तर ओढा वास्तुकलेकडे आहे. ‘मध्ये खांब नसताना एवढा घुमट पडत कसा नाही’ हे आधी सुचले, तर स्थापत्य अभियांत्रिकीकडे. दोन्ही प्रश्न पडले तर घाई करू नका. अकरावीपर्यंत वेळ आहे.

तोपर्यंत दोन गोष्टी सांभाळाव्यात. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएट, तिने अवश्य द्याव्यात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्य भूमिती यांचा सराव पुढच्या प्रवेश परीक्षांतही कामी येतो. दुसरे म्हणजे गणित. चित्रकला चांगली असली म्हणजे वास्तुकलेला गणित लागत नाही, हा समज अनेक घरांत आढळतो आणि त्यापायी मुलांचे नुकसान होते. बी.आर्क. या वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावेच लागते. प्रवेशासाठी नाटा ही वास्तुकलेची अभिक्षमता परीक्षा आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या राष्ट्रीय संस्थेत जायचे असेल तर जेईई मेनचा पेपर दोन-अ द्यावा लागतो, आणि त्यात चित्रकला व अभिक्षमतेबरोबर गणिताचाही भाग आहे.

प्रश्न : मी दहावीत आहे. पॉलिटेक्निकला गेलो तर वास्तुकलेची वाट बंद होते का?
— एक विद्यार्थी, हिंगणा मार्ग, नागपूर

उत्तर : बंद होत नाही. गणितासह पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका उत्तीर्ण झालेल्यांना नाटा देऊन बी.आर्क.ला प्रवेश घेता येतो. फरक वर्षांचा आहे. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते; वास्तुकलेत मात्र पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते, म्हणजे दहावीनंतर सात वर्षांऐवजी आठ. हातात लवकर कौशल्य यावे, गरज पडल्यास नोकरी करता यावी, अशी घरची स्थिती असेल तर ते एक वर्ष वाया गेले असे समजू नका. तशी निकड नसेल आणि वास्तुकलाच करायची हे पक्के असेल, तर अकरावी-बारावी विज्ञान हा सरळ मार्ग आहे.