पीएस५, मॉनिटर आणि ५.१ स्पीकर: सुरुवातीला एवढंच बघ

पीएस५ (गेमिंग कन्सोल) मॉनिटरला आणि ५.१ स्पीकरला (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जोडायचाय ना? घाबरू नकोस, जमेल. चित्राचं सोपं आहे, एचडीएमआय केबल लावली की झालं. घोळ आवाजाचा. पीएस५ला ऑप्टिकल पोर्टच (प्रकाशाच्या केबलने आवाज बाहेर काढायची जागा) नाही, आणि मॉनिटरच्या हेडफोन जॅकमधून फक्त स्टीरिओ, म्हणजे डावा-उजवा असे दोनच चॅनल मिळतात. नवे बहुतेक इथेच फसतात: मागचे स्पीकर वाजले तरी आवाज तोच, पुढचाच.

- स्पीकरला ऑप्टिकल इनपुट असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर आण; हा डबा पीएस५ आणि मॉनिटरच्या मध्ये बसतो आणि एचडीएमआयमधला आवाज वेगळा काढून ऑप्टिकलने स्पीकरला देतो. दुकानातच लावून बघ.
- त्यावरचा छोटा स्विच ५.१वर ठेव.
- कन्सोलच्या साउंड सेटिंगमध्ये डॉल्बी ऑडिओ निवड; त्यात ५.१चे सगळे चॅनल दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवले जातात. लिनियर पीसीएम (न दाबलेला आवाज) ठेवलंस, तर ऑप्टिकलमधून दोनच चॅनल येतील.

स्पीकरला नुसत्या तीन रंगीत पिना असतील, तर डॉल्बी डीकोडरही (डॉल्बीचा आवाज उलगडून वेगवेगळ्या स्पीकरना देणारा डबा) लागेल. आणि सबवूफर शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकवू नकोस, रात्री बेल वाजेल!