गेम भारी, पिक्चर बंडल: वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा जवळजवळ एकाच विषयावर आलाय, तो म्हणजे गेमवरून काढलेले पिक्चर आणि त्यांनी केलेली माती. सगळी पत्रं छापायला जागा नाही, काहींमधल्या शिव्याही छापता येणार नाहीत, तर निवडक घेतोय.

प्रश्न: कॉलेजला असताना हॉस्टेलवर आम्ही चौघं रात्र रात्र बॉर्डरलँड्स खेळायचो. परवा त्याचा पिक्चर लावला आणि पाऊण तासात बंद केला. केट ब्लँचेट आहे, केविन हार्ट आहे, जॅक ब्लॅक आहे, मग एवढी वाट कशी लागली?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तू स्वतःच लिहिलंयस की मित्रा, 'आम्ही चौघं'. त्या गेमची स्टोरी म्हणजे नुसतं निमित्त होतं, कुठल्या तरी ग्रहावर कुठला तरी खजिना. मजा कशात होती, तर प्रत्येक पेटीतून नवी बंदूक पडायची, ती कोणी उचलायची यावरून मारामारी व्हायची, एक जण मेला की बाकीचे धावत त्याला उठवायला जायचे आणि त्यात तेही मरायचे. पिक्चरवाल्यांनी नावं घेतली, विग घेतले, तो बडबड्या रोबो घेतला, आणि तुमची गँग काही त्यांना घेता आली नाही. बरं, गेम पक्का मोठ्यांचा, रक्तबंबाळ आणि तोंडाने फाटका, आणि पिक्चर मात्र शाळकरी पोरांनाही तिकीट विकता यावं म्हणून धुऊन इस्त्री केलेला, म्हणजे ज्यांनी गेम खेळला त्यांना पचला नाही आणि ज्यांनी नाही खेळला त्यांना कळला नाही.

शिवाय हा पिक्चर २०२१ मध्ये हंगेरीत शूट झाला आणि थेटरात आला २०२४च्या ऑगस्टमध्ये. मधे काही भाग परत शूट करावा लागला तर दिग्दर्शक एली रॉथ दुसऱ्या पिक्चरमध्ये अडकलेला, म्हणून ते काम टिम मिलरने केलं. स्क्रिप्टवर सुरुवातीला 'लास्ट ऑफ अस' सिरीजवाल्या क्रेग मॅझिनचं नाव होतं, शेवटच्या क्रेडिटमध्ये ते नाही. खर्च ११ कोटी डॉलरच्या वर आणि जगभरातून मिळाले साधारण ३.३ कोटी. पाऊण तास म्हणजे तू बराच टिकलास.

प्रश्न: नव्वदीत मुलासाठी टीव्हीला जोडायचं ते व्हिडिओ गेम आणलं होतं, खरं तर त्यातला मारियो मुलापेक्षा मीच जास्त खेळले, दुपारी सगळे बाहेर गेले की. नातवाबरोबर नवीन कार्टूनवाला मारियो पाहिला, छान वाटला. मग त्याने १९९३चा जुना शोधून लावला. अरे, ते काय होतं? मारियो कुठे होता त्यात?
– एक आजी, ठाणे

उत्तर: आजी, आधी तुम्हाला साष्टांग नमस्कार. तुम्ही जो पाहिलात तो गेमवरचा हॉलिवूडचा पहिला मोठा पिक्चर, आणि पहिल्याच घासाला खडा लागला. झालं असं की बनवणाऱ्यांना वाटलं, जाडा प्लंबर मशरूम खातो आणि कासवांवर उड्या मारतो हे मोठ्या माणसांना कसं दाखवायचं, लोक हसतील. म्हणून त्यांनी ते सगळं काढलं आणि त्याच्या जागी डायनोसॉरपासून माणसं झालेली एक अंधारी, घाणेरडी, सगळीकडे बुरशी लोंबणारी नगरी उभी केली, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यात. कूपा म्हणजे तो काटेरी कासव राक्षस, तो झाला सूटबूट घातलेला डेनिस हॉपर. गुंबा, जे तुम्ही एका उडीत चपटे करायचात, ते झाले ताडमाड उंचीचे कोटवाले, वर लिंबाएवढं डोकं. आणि उडी? उडी मारायला त्यांना यंत्राचे बूट लागतात!

स्क्रिप्ट शूटिंग चालू असताना बदलत होती. मारियो झालेले बॉब हॉस्किन्स, एवढा मोठा नट, त्यांना हा गेम आहे हे मुलाने सांगितल्यावर कळलं म्हणे, आणि पुढे मुलाखतीत त्यांनी हे आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम म्हणून सांगून टाकलं. त्यात नशीबही असं की पिक्चर २८ मे १९९३ला अमेरिकेत लागला आणि ११ जूनला 'जुरासिक पार्क' आला, म्हणजे डायनोसॉर बघायचेच असतील तर लोक कुठे जाणार. मारियोवाल्या निन्टेंडो कंपनीने एवढा धसका घेतला की मारियोला परत हॉलिवूडच्या पडद्यावर यायला ३० वर्षं लागली.

आणि २०२३चा जो तुम्हाला आवडला, त्याची स्टोरी काय आहे सांगा बरं? भावाला पकडलंय, सोडवून आणायचंय. संपलं. पण त्यात विटा फुटतात, नाणी वाजतात, मशरूम खाल्लं की माणूस मोठा होतो आणि कोणी त्याचा खुलासा देत बसत नाही. १३० कोटी डॉलरच्या वर कमावले त्याने. गेमची लाज नाही वाटली एवढाच काय तो फरक.

प्रश्न: जी गोष्ट गेममध्ये भारी असते तीच नेमकी का काढतात? डूम आणि असॅसिन्स क्रीड बघून डोक्याला शॉट लागला.
– कोल्हापूर

उत्तर: तेच ते, लाज. डूम हा गेम काय आहे, तर मंगळावर नरकाचं दार उघडतं आणि सैतान बाहेर येतात, तुम्ही ते शॉटगनने उडवता. एका वाक्यात. २००५च्या पिक्चरने नरकच काढला! सैतानांच्या जागी कसले तरी जनुकीय प्रयोग आणि एक जास्तीचा क्रोमोसोम, का, तर म्हणे ते जास्त शास्त्रीय. शॉटगन घेऊन सैतानांना मारणाऱ्या माणसाला शास्त्र कशाला पाहिजे बाबा. गंमत बघ, त्या पिक्चरमधलं लोकांना आज काय आठवतं, तर शेवटाकडचा जेमतेम पाच मिनिटांचा तुकडा, ज्यात कॅमेरा हिरोच्या, कार्ल अर्बनच्या, डोळ्यांतून बघतो आणि समोर नुसती बंदूक दिसते, हुबेहूब गेमसारखी. तेवढीच पाच मिनिटं त्यांनी न लाजता केली.

असॅसिन्स क्रीडचं दुःख वेगळं आहे. त्या गेममध्ये जुन्या शहरांच्या छपरांवरून धावायचं, मनोऱ्यावर चढायचं, खालच्या गवताच्या गाडीत उडी टाकायची, आणि मधेमधे जो आजच्या काळातला भाग येतो तो बहुतेक जण कधी संपतो म्हणून घड्याळ बघत खेळतात. २०१६च्या पिक्चरने ठरवून उलटं केलं, पासष्ट टक्के आजचा काळ आणि बाकी १४९२चं स्पेन, आणि हे त्यांनी रिलीजच्या आधीच अभिमानाने सांगितलं होतं. मायकल फासबेंडरसारखा नट बराच वेळ एका राखाडी प्रयोगशाळेत, पूर्वजांच्या आठवणी दाखवणाऱ्या यंत्राला लटकतोय. स्पेनमधली छपरावरची पळापळी खरंच चांगली आहे हो, पण ती रंगात आली की लगेच परत लॅब.

प्रश्न: उवे बोल या माणसाला पैसे कोण देतं?
– सोलापूर

उत्तर: जर्मन सरकार. म्हणजे थेट नाही, पण ऐक, माझा आवडता विषय आहे हा.

हा जर्मन दिग्दर्शक, याने २००३ साली 'हाउस ऑफ द डेड' काढला, त्यात मारामारीच्या मधेमधे चक्क गेममधल्याच क्लिपा चिकटवल्यात, एडिटिंग टेबलवर चुकून राहिल्या असाव्यात असं वाटतं पण नाही, मुद्दाम आहे. मग 'अलोन इन द डार्क', मग 'ब्लडरेन', आणि त्या ब्लडरेनमध्ये व्हॅम्पायरांचा राजा कोण, तर बेन किंग्जली. आपल्याकडे ज्यांना आजही गांधीजी म्हणून ओळखतात तेच. खुर्चीवर बसून आहेत आणि चेहऱ्यावर असा भाव की आजचं पाकीट मिळालं का.

तर पैशाचं असं होतं की त्या वेळी जर्मनीत कायदा होता, श्रीमंत माणसाने जर्मन मालकीच्या पिक्चरमध्ये पैसे घातले तर ती पूर्ण रक्कम त्याला टॅक्समधून लगेच वजा करून मिळायची, टॅक्स लागायचा तो पुढे नफा झाला तर. म्हणजे पिक्चर आपटला तरी गुंतवणारा पार बुडत नाही, आणि हे उवे बोलने स्वतः उघडपणे सांगितलंय. मग गेमच का? कारण नाव आयतं मिळतं, पोस्टर आयतं मिळतं, पोरं ओळखतात. पिक्चर चांगला व्हायलाच हवा अशी गरज त्या सगळ्या हिशोबात कुणालाच नव्हती. २००५-०६च्या सुमाराला ही पळवाट बंद झाली. 'इन द नेम ऑफ द किंग' हा त्याचा सगळ्यात महागडा, ६ कोटी डॉलरचा, जेसन स्टॅथमला शेतकरी केलाय त्यात, तो जेमतेम १.३ कोटीवर आटपला.

माणूस मात्र अफलातून. २००६ मध्ये त्याने टीका करणाऱ्यांना बॉक्सिंगच्या रिंगणात बोलावलं आणि व्हँकुव्हरमध्ये खरंच एकेकाला धरून बडवलं, हा पूर्वी हौशी बॉक्सर होता हे त्या बिचाऱ्यांना जरा उशिराच लक्षात आलं. याने पिक्चर काढणं थांबवावं म्हणून नेटवर सह्यांची मोहीम निघाली तर हा म्हणाला दहा लाख सह्या आणा मग बघू. वॉरक्राफ्ट गेमचे हक्क मागायला गेला तेव्हा तो बनवणाऱ्या ब्लिझार्डवाल्यांनी, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, सांगितलं की हक्क विकणार नाही, तुला तर नाहीच नाही.

मला त्याचा राग येत नाही. बोर्डरूममध्ये बसून गंभीर चेहऱ्याने हेच करणारे बरेच आहेत, हा निदान तोंडावर बोलतो.

प्रश्न: आमच्याकडे गेम पार्लरमध्ये 'मुस्तफा' गेमच्या शेजारी स्ट्रीट फायटरचं मशीन होतं, एका कॉइनला नंबर लागायचा. त्याचा व्हॅन डॅमवाला पिक्चर मला अजूनही आवडतो. मित्र हसतात. माझं काही चुकतंय का?
– इचलकरंजी

उत्तर: काही चुकत नाही भाऊ, हसू देत. पिक्चर गंडलेला आहे, रिऊ आणि केन, ज्यांच्यासाठी आपण कॉइन घातले, त्यांना भुरटे करून बाजूला बसवलंय आणि गाईलला, म्हणजे व्हॅन डॅमला, हिरो केलंय. पण राउल हुलिया! एम. बायसन म्हणून तो माणूस जे काही करतो ते बघायला मी कधीही तयार आहे. तब्येत फार बिघडलेली होती, मुलांना गेम आवडतो म्हणून रोल घेतला असं सांगतात, आणि पिक्चर १९९४च्या डिसेंबरला लागायच्या आधी, ऑक्टोबरमध्येच तो गेला. चुन-ली त्याला सांगते की तू माझ्या बापाला मारलंस, आणि याला आठवतसुद्धा नाही, त्याच्यासाठी तो एक साधा मंगळवार होता. असला व्हिलन मिळायची त्या पिक्चरची लायकी नव्हती.

एक मात्र बघ, पुढच्याच वर्षी 'मॉर्टल कॉम्बॅट' आला, बजेट याच्यापेक्षा कमी, नट याच्यापेक्षा कमी नावाजलेले, आणि १२ कोटी डॉलर कमावून गेला. गेममध्ये बेटावर स्पर्धा असते आणि लोक एकमेकांना हाणतात. पिक्चरमध्येही बेटावर स्पर्धा आहे आणि लोक एकमेकांना हाणतात. वर ते गाणं.

प्रश्न: मी पुण्यात गेम डिझाइन शिकते. मला वाटतं दिग्दर्शन गेम बनवणाऱ्यालाच द्यावं म्हणजे हा घोळ होणार नाही. बरोबर ना?
– पुणे

उत्तर: वाटतं तसं, पण दोन मोठे पुरावे तुझ्या विरोधात आहेत. 'विंग कमांडर' गेम ज्याने बनवला त्या क्रिस रॉबर्ट्सनेच १९९९ मध्ये पिक्चर दिग्दर्शित केला, ३ कोटी डॉलर घातले आणि साधारण १.१ कोटी परत आले. आणि जळजळ याची की याच माणसाने १९९४च्या तिसऱ्या गेममध्ये मार्क हॅमिलला घेऊन खऱ्या नटांचे सीन शूट केले होते, ते लोकांनी डोक्यावर घेतले होते, पिक्चरसाठी मात्र सगळे नट बदलले.

दुसरा 'फायनल फँटसी', २००१. स्वतः साकागुची, ज्यांनी ती गेम मालिका सुरू केली, त्यांनी होनोलुलूला स्टुडिओ उभा करून कॉम्प्युटरवर माणसं बनवली, नायिकेच्या डोक्यावर साठ हजार केस, एकेक वेगळा हलणारा. १३.७ कोटी डॉलर गेले, ८.५ आले, स्टुडिओ बंद झाला. केस सुंदर आहेत, आजही. पण त्या गेममध्ये जे जे होतं, जादू, तलवारी, ते पिवळे चोकोबो पक्षी, त्यातलं जवळजवळ काहीच नाही, कारण त्यांना 'खरा' सिनेमा करून दाखवायचा होता. म्हणजे बघ, बनवणाऱ्यालाही स्वतःच्या पोराची लाज वाटू शकते.

तू शिकतेयस म्हणून एक अजून सांगतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम' हा २००३चा गेम मिळाला तर खेळ. त्यात राजपुत्र स्वतः गोष्ट सांगतोय, आणि तू खड्ड्यात पडून मेलीस की तो म्हणतो, नाही नाही, असं नव्हतं झालं, परत सांगतो. म्हणजे तुझं चुकणं, मरणं, परत सुरू करणं हे सगळं गोष्टीतच बसवलंय. जॉर्डन मेकनरने काय डोकं लावलंय! २०१०च्या डिस्नेच्या पिक्चरमध्ये मेकनर होता, वेळ मागे फिरवणारा खंजीर होता, जेक जिलनहॉलचे दंड होते, आणि हो, किंग्जलीसाहेब इथेही होते. ही एकच गोष्ट नव्हती, कारण ती तुझ्या हातात कंट्रोलर असल्याशिवाय घडतच नाही. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्सचा २०२०चा 'राजी' खेळली असशील ना? त्यावर पिक्चर करायला कोणी आलं तर काय ठेवशील आणि काय सोडशील, हे एकदा कागदावर लिहून बघ, कॉलेजच्या कुठल्याही असाइनमेंटपेक्षा जास्त शिकशील.

प्रश्न: मग सिरीज चांगल्या का होतात?
– औरंगाबाद

उत्तर: सगळ्या नाही होत, 'हेलो' आठव. हेल्मेट न काढणाऱ्या माणसाचं हेल्मेट त्यांनी पहिल्याच भागात काढलं, दोन सीझनमध्ये गाशा गुंडाळला. पण 'लास्ट ऑफ अस'चा तिसरा भाग बघ, बिल आणि फ्रँकचा. गेममध्ये फ्रँक आपल्याला मेलेलाच सापडतो, कडवट चिठ्ठी लिहून. सिरीजने त्या दोघांचा अख्खा संसार उभा केला, म्हणजे बदल केलाच की, चांगला मोठा केला. पण गेम खेळताना त्या रिकाम्या घरांतून फिरताना जे वाटायचं ते नीट ओळखून केला, आणि त्यासाठी हातात वेळ होता, दोन तासांत कुठे मावणार ते.

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे, माइनक्राफ्टचा पिक्चर बघायचाच म्हणून मागे लागलीय. मी रिव्ह्यू वाचले, फार बरे नाहीत. दाखवू का?
– एक आई, नागपूर

उत्तर: दाखवा की ताई. स्टोरीला काही अर्थ नाही हे खरं आहे, जॅक ब्लॅक दोन तास ओरडतो हेही खरं आहे, पण जग चौकोनीच ठेवलंय, मेंढीसुद्धा चौकोनी, आणि तिला त्यातला ठोकळा न् ठोकळा माहीत असणार, तेव्हा ती तुम्हाला सारखं काहीतरी सांगत राहील, ते ऐका. कोंबडीवर बसलेला छोटा झोंबी आला की तिकडे अमेरिकेत थेटरातल्या पोरांनी आरडाओरडा करून पॉपकॉर्न उधळलं होतं. तेव्हा घरी बघणार असाल तर तो सीन होऊन जाईपर्यंत वाटी तुमच्याच हातात ठेवा.