इमोशनल हार्डकोर म्हणजेच ‘इमो’ या पंक संगीतप्रकाराकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

‘इमो’ म्हटले की डोळ्यांसमोर येणारी केशभूषा आणि काळे कपडे बाजूला ठेवून आधी १९८५ च्या वॉशिंग्टन डीसीकडे वळा. तिथल्या हार्डकोर (वेगवान, आक्रमक पंक रॉक) मैफलींत बोकाळलेल्या मारामाऱ्यांना विटून ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ आणि ‘एम्ब्रेस’ या बँडनी मनातली घालमेल उघडपणे गायला घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात तिथल्या पंक मंडळींनी दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर ढोल बडवून वर्णभेदाचा निषेध केला. हे दुसरे अंग मला गाण्यांइतकेच मोलाचे वाटते. पुढे तिथल्याच ‘फुगाझी’ या बँडने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवले, अल्पवयीनांनाही प्रवेश मिळेल असे पाहिले आणि गर्दीत धक्काबुक्की झाली की वादन थांबवले. तुम्ही बँड काढणार असाल, तर पहिल्या कार्यक्रमाआधीच तिकिटाचा दर आणि गर्दी सांभाळण्याची जबाबदारी आपसांत ठरवून घ्या.