स्कॉटलंडच्या सहलीत क्रिनन गावासाठी एक दिवस काढावा का?

"तिथे नुसता एक कालवा आहे, असं घरचे म्हणतात" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. माझा दादा क्रिननच्या धक्क्यावर उभा राहून हेच म्हणाला होता. "पैसे संपले, सरकारकडून कर्ज काढलं, १८०१ साली अर्धवटच उघडला, पुरा व्हायला १८०९ उजाडलं. पुढे १८१६-१७ मध्ये टेलफर्ड या अभियंत्याला बोलावून डागडुजी. फसलेला प्रकल्प!"

माझे सासरे सोबत होते. जन्मभर पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. ते काही बोलले नाहीत. कालव्यावरच्या केर्नबानला एक शिडाची बोट लॉकमध्ये, म्हणजे पाणी वर-खाली करून बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दरवाजांच्या हौदात, शिरत होती, तिथे गेले आणि दरवाजाच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून बोटवाल्यांसोबत ढकलू लागले. इथले बरेचसे दरवाजे अजून हातानेच उघडतात. मग त्यांनी विचारलं, वर पाणी येतं कुठून? डोंगरातल्या तळ्यांमधून, मी म्हटलं. १८५९ साली त्यातलं एक फुटलं, कालव्यात दगडमाती भरली आणि वर्षभराहून अधिक वाहतूक बंद पडली, हेही सांगितलं. तेव्हा ते दादाला म्हणाले, "फसलेला कालवा एवढा खर्च करून कोणी परत बांधत नाही."

मला हेच म्हणायचंय. किनटायरच्या लांबलचक द्वीपकल्पाला खवळलेल्या समुद्रातून घालावा लागणारा वळसा या १४ किलोमीटर आणि १५ लॉकनी वाचवला. कालव्याच्या दुसऱ्या टोकाच्या आर्ड्रिशेगहून कोळसा पलीकडच्या बेटांकडे गेला, मासळी ग्लासगोकडे आली. १८४७ मध्ये व्हिक्टोरिया राणी घोड्यांनी ओढलेल्या नावेतून इथून गेली. पाट्यांवर तिचंच कौतुक जास्त, मला ते पटत नाही. कालवा जगवला तो कोळशाच्या बुटक्या आगबोटींनी आणि कोळ्यांनी. दादा नफा मोजतो. बेटावरच्या घरात हिवाळ्यात कोळसा पोचला, तो कुठल्या रकान्यात मांडायचा?

तर जा. लॉख नेसच्या गर्दीतला एक दिवस कमी करा. कालव्याकाठची वाट सपाट आहे, वयस्कर माणसंही आरामात चालतात. हां, रेल्वे तिथे जात नाही. ग्लासगोहून कॅम्पबेलटाउनची बस धरून आर्ड्रिशेगला उतरावं लागतं. उन्हाळ्यात बारीक चिलटं फार चावतात. आणि गाव खरंच एवढंसं आहे, दुकानं बघायची असतील तर घरच्यांना ओबन शहरात सोडा.