टाइप १ मधुमेह आहे, १० किमी पळते. हाफ मॅरेथॉनचं ध्येय ठेवावं का? प्रेरणा कशी टिकवावी?

ठेवा की. १० नियमित होत असतील तर २१ जमतील. पण "पळून पळून इन्सुलिन बंद करायचं, हीच माझी प्रेरणा" असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, आणि त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले.

टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. कितीही पळालं तरी त्या परत येत नाहीत. टाइप २ वाल्यांच्या रिव्हर्सलच्या, म्हणजे औषधं सुटल्याच्या गोष्टी आपल्याला लागू नाहीत. पळण्याने डोस कमी होतो, शून्य होत नाही. बेसल (दिवसभर पुरणारं मूळ इन्सुलिन) बंद करून पळाल तर रक्तात कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून होणारी आम्लं) साठतील आणि आयसीयू गाठावं लागेल. रनिंग ग्रुपमध्ये "इच्छाशक्ती असेल तर सुटतं" म्हणणारे भेटतातच. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे आणि मी तो सोडणार नाही.

पहिल्या हाफला वेळेचंही ध्येय नको. शुगर ७० (mg/dL) च्या खाली न जाता २१ किमी पूर्ण करणं, एवढं पुरे आहे आणि ते सोपं नाही.

सुरुवातीला शुगर १२६ ते १८० च्या मध्ये हवी. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि ती वर येईपर्यंत थांबा. २७० च्या वर असेल तर कीटोन तपासा, १.५ (mmol/L) किंवा जास्त आले तर त्या दिवशी पळायचं नाही. स्टार्ट लाइनवर २२० दिसली तर मात्र करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचं जादा इन्सुलिन, घेऊ नका. ती बहुधा ताणाने चढलेली असते, पळताना उतरते, आणि वर घेतलेलं इन्सुलिन तिला पार खाली नेतं. नाश्ता पळण्याआधी एक ते तीन तासांत असेल तर त्याचं इन्सुलिन साधारण निम्मं करा, आणि सुई मांडीत नको, पोटावर घ्या. पळणाऱ्या मांडीतून ते फार लवकर शोषलं जातं.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब लागतात. लो होण्याची (शुगर ७० च्या खाली जाण्याची) वाट न बघता पहिल्या अर्ध्या तासातच सुरू करा. ग्लुकोन-डी घरीच काट्यावर मोजून १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधा. पाण्याच्या स्टॉलवरच्या ओआरएसवर विसंबू नका: लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पेलाभरात जेमतेम पावणेतीन. लो त्याने भरून निघत नाही. चिक्कीही नको, शेंगदाण्याच्या तेलामुळे साखर उशिरा चढते.

सगळ्यात घातक गोष्ट बोटांची. एनर्जी जेल किंवा संत्र्याची फोड खाऊन त्याच बोटाला टोचलंत, तर प्रत्यक्षात ८० असताना मीटर ३०० दाखवू शकतो. आधी पाण्याने बोट धुवा, पुसा, पहिला थेंब टाका, दुसरा घ्या. त्वचेवर शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तरी शुगर झपाट्याने उतरताना तो काही मिनिटं मागे असतो. सेन्सरवर ९५ आणि खाली जाणारा बाण दिसला की लगेच खायचं.

खरी भीती त्या रात्रीची. लांब पळाल्यावर सहा ते पंधरा तासांनी शुगर पुन्हा घसरते, कारण स्नायू रिकामा झालेला साखरेचा साठा भरून घेत असतात. त्या रात्रीचं बेसल साधारण २० टक्के कमी, झोपताना थोडं खाणं, आणि घरच्यांना कल्पना.

प्रेरणेचं म्हणाल तर लांब पळण्याचे आकडे वहीत लिहा: सुरुवातीची शुगर, डोस, काय खाल्लं, शेवटची शुगर. तो आलेख सपाट होत जाताना दिसला की बाहेरून प्रेरणा शोधावी लागत नाही.

हे आकडे इन्सुलिन पेनवाल्यांसाठी आणि सुरुवातीपुरते आहेत. इन्सुलिन पंप असेल तर बेसल ६० ते ९० मिनिटं आधीच कमी करावं लागतं, ते डॉक्टरांशी ठरवा. मागच्या २४ तासांत बेशुद्ध होण्याइतकी लो झाली असेल तर पळू नका. अंतर वाढवण्याआधी डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना तपासून घ्या, आणि बिबच्या (छातीवरच्या नंबरच्या) मागे "टाइप १, इन्सुलिनवर" असं मोठ्या अक्षरांत लिहा.